खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घरी येतंय? आधी टेप घ्या हातात

आषाढातली पहाट. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७२, न्हाणीत घसरल्या. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं जुनं घर, खाली शहाबादी फरशी आणि आठ दिवस न उघडलेला पाऊस. पडल्याचा फारसा आवाजही झाला नाही. "काय नाही झालं, उचला मला," एवढंच म्हणाल्या. उचलायला गेलो तर उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि चवडा बाहेर कलंडला होता. असं दिसलं की खुब्याचं हाड मोडलंय असंच धरून चाला. उभं करून बघू नका, पाय ओढून सरळ करू नका, चहा पाजू नका (पोटात काही गेलं की भूल द्यायला थांबावं लागतं), सरळ १०८ ला फोन करा. आमच्या बोळात ॲम्ब्युलन्स शिरत नाही. शेजारच्या तालमीतली चार पोरं स्ट्रेचर घेऊन आत आली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दीड तासात डॉक्टर मोकळे झाले, पुढचे तीन महिने आमचे होते. त्यात काय करायचं, काय नाही, ते इथं लिहितेय. तुमच्या माणसाला डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला मला पंधरा दिवस लागले. आपल्याकडं आजारी माणसाला उठू न देणं म्हणजे माया. पाणी हातात, ताट हातात, पाय दाबायला नात. खुब्याच्या माणसाला नेमकी हीच माया नडते. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो, माकडहाडापाशी कातडी सोलवटते आणि मांडीचं मांस तर आठवड्याभरातच उतरायला लागतं. घरच्यांनी करून देण्यापेक्षा जवळ उभं राहायचं असतं. ऐकायला सोपं आहे. समोर आई कण्हत असताना हात मागं ठेवणं किती अवघड असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

दवाखान्यातून निघायच्या आधी

"ऑपरेशन चांगलं झालं" एवढ्यावर घरी येऊ नका. आत नेमकं काय बसवलंय ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, कारण पुढचे सगळे नियम त्यावर ठरतात. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात वाटी आणि मांडीच्या हाडाला गोळा. गोळ्याखालची मान मोडली तर वयस्कर माणसात बहुतेकदा गोळाच बदलतात, त्याला बायपोलर म्हणतात. वाटीही बदलली तर टोटल हिप. मानेच्या खाली मोडलं असेल तर हाडाच्या पोकळीत नेल घालतात, त्याला पीएफएन म्हणतात. गोळा बदललेल्याचा सांधा निखळायची भीती असते. नेलवाल्याला ती नसते, पण हाड जुळेपर्यंत पायावर किती भार द्यायचा हे बघावं लागतं. आत्यांचं बायपोलर होतं. शेजारणीचं नेल होतं. त्या शेजारणीनं आम्हाला तिचे नियम सांगितले आणि दोन दिवस आम्ही ते पाळलेही!

डॉक्टरांना विचारायचं ते असं: पायावर पूर्ण भार द्यायचा की अर्धा? सांधा बदलताना पुढून कापलंय की मागून? मागून असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायच्या असतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि चवडा आत वळवणं. पुढून केलं असेल तर नियम वेगळे, ते लिहून घ्या. रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन किती दिवस? टाके कधी काढायचे? (साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.) आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? रिसेप्शनचा नंबर नको, उचलणाऱ्या माणसाचा घ्या.

पैशांचं भरती होतानाच बघा, नंतर धावपळ होते. सीपीआर (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) असो की योजनेत बसणारा खासगी दवाखाना, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. वय ७० च्या पुढं असेल तर उत्पन्न कितीही असलं तरी २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं, त्याचंही विचारा.

पावसाळा असेल आणि तुम्ही नदीकाठच्या गावचे असाल तर आणखी एक. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. रस्ते त्याच्या आधीच बंद व्हायला लागतात. टाके काढायची तारीख त्या दिवसांत येत असेल तर कुठल्या नातेवाइकाकडं शहरात राहता येईल ते आधीच ठरवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या एकदम आणून ठेवा. ती गोळी मध्येच सुटलेली चालत नाही.

टेप

माणूस दवाखान्यात असतानाच घराची मापं घ्या. सूत्र साधं आहे: बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंतचं माप काढा, त्यात दोन-तीन इंच मिळवा. बसायची प्रत्येक जागा निदान तेवढी उंच हवी. आत्यांचं माप १६ इंच भरलं, म्हणजे १८-१९ ची बैठक हवी होती. सोप्यातला दिवाण निघाला १४. वर कापसाची गादी, ती बसल्यावर आणखी दोन इंच दबायची. म्हणून माप नुसत्या पलंगाचं घेऊ नका, कुणाला तरी वर बसवून घ्या.

पलंगाखाली विटा ठेवू नका, त्या सरकतात. आम्ही सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून घेतले. मधे खाच, त्यात पलंगाचा पाय रुतून बसतो. खुर्ची हातांची हवी, चाकांची नको. सोफा तर विसराच. त्यात माणूस बुडतं आणि उठताना पुढं वाकतं, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

आता आमची फजिती. वॉकर आणला, घरात सगळीकडं फिरवून बघितला, न्हाणीच्या दारात अडकला. दार २२ इंचांचं आणि वॉकर २४ चा. जुन्या घरांत हे हमखास होतं. दार फोडणार कोण? माजघराच्या कोपऱ्यात पडदा लावला आणि तिथंच कमोडची खुर्ची ठेवली. खुर्ची भाड्यानं मिळते, विकत घ्यायची घाई करू नका. चाकं असतील तर प्रत्येक वेळी ब्रेक लावलाय ना ते बघा. घरात कमोड असेल तर त्यावर बसवायची चार-सहा इंचांची उंच सीट मिळते. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं पूर्ण बंद. "एकदाच, हळूच" असंही नाही.

चालण्याच्या वाटेवरची पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचला. उंबरा काढता येत नसेल तर त्यावर भडक रंगाची चिकटपट्टी लावा. पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर दिवा हवा. आणि चप्पल. कोल्हापुरात हे लिहायला जीव होत नाही, पण कोल्हापुरी घालू नका. कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो आणि मागं पट्टा नसतो. रबरी तळाची, मागून पट्ट्याची, वाकून बांधावी न लागणारी सँडल घ्या.

घरी आणताना

रिक्षा नको. पाय ठेवायला जागा अपुरी आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे वेगळे सांगायला नकोत. गाडीत पुढची सीट शक्य तेवढी मागं सरकवा, पाठ थोडी कलती करा, खोलगट वाटली तर उशी ठेवा. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी पसरा. आधी पाठमोरं बसवायचं, ऑपरेशनचा पाय पुढं ठेवून. मग पिशवीवरून अंग आणि दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. निघाल्यावर पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढं घसरतं.

घरी पोचल्यावर ओवाळायचं असेल तर ओवाळा, पण खुर्चीत बसवून. उंबऱ्यात उभं करून भाकर-तुकडा ओवाळताना आत्यांचे पाय लटपटायला लागले होते.

रात्री

दिवसा सगळे असतात, रात्री अंगावर येतात. पाठीवर झोपायचं, दोन मांड्यांच्या मध्ये जाड उशी. झोपेत पायावर पाय जातो तो या उशीमुळं थांबतो. कुशीवर वळायची परवानगी मिळाल्यावरही उशी मध्येच हवी. टाचा गादीवर टेकून तिथंही जखम होते, म्हणून पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी ठेवा. स्वतः हलता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस किंवा भार बदलायचा.

आत्यांच्या उशाला आम्ही देवघरातली घंटा ठेवली. हाक मारायला संकोच वाटतो, घंटा वाजवायला वाटत नाही. फक्त पहिल्या रात्री दोनला घंटा झाली तेव्हा सासरे आरती आहे समजून उठले.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वयस्कर माणूस भलतंच बोलायला लागलं तर घाबरून जाऊ नका, पण गप्पही बसू नका. आत्या मला ओळखत होत्या आणि तरी सारखं विचारत होत्या, "म्हस सोडली का गं? धार काढायची राहिलीया." म्हैस विकून वीस वर्षं झाली. हे वेड नव्हे. भूल, औषधं, जागरण, लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, यातल्या कशानंही होतं. डॉक्टरांना लगेच सांगा, ते रक्त तपासतात. आपण चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्यायचं, दिवसा खिडकी उघडायची, ओळखीचं एकच माणूस जवळ ठेवायचं आणि वाद घालायचा नाही. मी म्हटलं, "म्हशीचं बघतो आम्ही, तुम्ही झोपा." दोन दिवसांत ताळ्यावर आल्या.

कामाची वाटणी कागदावर

सगळे म्हणतात, "काही लागलं तर सांगा." सांगत कुणी नाही आणि येत कुणी नाही. सगळं ज्या बाईच्या गळ्यात पडतं ती महिन्याभरात आजारी पडते. घरी आणायच्या आदल्या रात्री आम्ही वहीचं पान फाडून फ्रिजवर लावलं. उभ्यात वेळा, आडव्यात नावं. सकाळची गोळी आणि व्यायाम माझ्याकडं, अंघोळ वन्संकडं (इचलकरंजीहून पंधरा दिवस राहायला आल्या होत्या), संध्याकाळचं चालणं नवऱ्याकडं, रात्र एक दिवसाआड. दहावीतल्या मुलाकडं फक्त एक काम: वॉकरच्या रबरी टोप्या रोज पुसायच्या आणि झिजल्यात का बघायच्या. ओली टोपी फरशीवर साबणासारखी सरकते.

पुण्याचे दीर रोज फोन करून "काळजी घ्या" म्हणत. माझं डोकं उठायचं. मग त्यांना कामच दिलं. सगळ्या औषधांची यादी, कधी सुरू, कधी बंद, हे त्यांनी सांभाळायचं, तपासणीच्या तारखा त्यांनी घ्यायच्या आणि दुपारी चारला व्हिडिओ कॉल करून आईचा व्यायाम मोजायचा. लेकानं मोजलं की आत्या दहाच्या जागी बारा करत. लांबच्या माणसाला असं ठरलेलं काम द्या, त्यालाही बरं वाटतं.

आणि बापलेकांनी "चल, मी उचलतो" म्हणत काखेत हात घालून ओढायचं नाही. त्यात म्हाताऱ्याचा खांदा जातो आणि आपली कंबर. माझ्या नवऱ्याची तिसऱ्याच दिवशी धरली. आधार द्यायचा तर कमरेला रुंद कापडी पट्टा बांधून तो धरायचा. उभं राहायचं ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागं.

उठणं आणि चालणं

बहुतेकांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच उभं करतात. घरी आल्यावर खरी परीक्षा असते ती खुर्चीतून उठायची. एकदा सावकाश सांगते.

आधी खुर्चीच्या कडेवर सरकायचं. ऑपरेशनचा पाय पुढं सरळ टाकायचा, चांगला पाय जवळ ओढायचा. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. वॉकर धरून उठायचं नाही, तो अंगावर येतो. हातांनी आणि चांगल्या पायानं रेटा देऊन उभं राहायचं, मग एकेक हात वॉकरवर. उभं राहिल्यावर लगेच निघायचं नाही. दहा आकडे मोजायचे, चक्कर येते का बघायचं. बसताना उलट: मागच्या पोटरीला खुर्ची लागेपर्यंत मागं जायचं, ऑपरेशनचा पाय पुढं, हात मागं नेऊन खुर्ची चाचपायची आणि मग टेकायचं. आत्या धपकन बसायच्या. फिजिओ ताईंनी त्यांना सांगितलं, "अंड्याच्या ट्रेवर बसताय असं बसा." त्या दिवसापासून जमलं.

वॉकरची उंची उभं राहून लावा. हात सैल सोडल्यावर मनगटाची रेघ जिथं येते तिथं मूठ यायला हवी. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. वळताना पायावर गरकन फिरायचं नाही, छोटी पावलं टाकत वळायचं. जिना असेल तर एवढं घोकून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वाड्यांचे खडे जिने मात्र फिजिओनं समोर करून घेतल्याशिवाय चढू नका. महिनाभर खालीच खाट टाकलेली बरी.

एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं चाला. मधल्या वेळात पडल्या पडल्या चवडे वर-खाली करायचे, मांडी आवळून पाच मोजायचे, टाच गादीवरून ओढत गुडघा थोडा वाकवायचा. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. आम्ही ती "फार दुखलं तरच" द्यायचो, मग आत्या व्यायामाला नाहीच म्हणायच्या. गोळी वाचवून आठवडा घालवला.

चोळणं हा आपल्या गावचा लाडका इलाज. समोरचे काका तालमीतल्या वस्तादांना घेऊनच आले होते, तेलाच्या बाटलीसह. त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. ऑपरेशनच्या पायात गाठ असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मुरगळलेल्या पायाची गोष्ट वेगळी.

न्हाणं आणि नेसणं

टाके निघेपर्यंत जखम कोरडी, अंग पुसून घ्यायचं. पुढं खुर्चीत बसून अंघोळ. साधी प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकते, म्हणून रबरी टोप्यांचं भक्कम स्टूल घ्या. तांब्या, साबण कमरेच्या उंचीवर. पाय धुवायला आत्या वाकणारच, चाळीस वर्षांची सवय ती. लांब दांड्याचा ब्रश हातात दिला आणि मगच बादली भरली.

कपडे घालताना ऑपरेशनचा पाय आधी, काढताना तो शेवटी. गाऊन सोयीचा, पण आत्या गाऊन घालून जावयासमोर बसायला तयार नव्हत्या. त्यावर सक्ती करू नका. परकर चार बोटं वर बांधला, साडी घोट्याच्या वर नेसवली, पदर खोचला. वॉकरच्या पायात काठ अडकत नाही ना, एवढंच बघायचं. आणि कमोडवर बसलेलं असताना पडद्याआड उभं राहा, आत डोकावून "झालं का?" विचारू नका.

खाणं

पाहिला तो माणूस पायाचं सूप सांगतो. द्या की, चव येते, पोटात ऊब जाते. पण हाड त्यानं जुळत नाही, त्यात कॅल्शियम नावापुरतंच. जखम भरायला आणि स्नायू परत यायला प्रथिनं लागतात: दर किलो वजनाला दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम. आत्या ५४ किलोच्या, म्हणजे ५५-६५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या आसपास. हिशोब घातला तर कळलं, आत्या दिवसाला तिशीही गाठत नव्हत्या. पांढरा रस्सा वाटीभर पीत होत्या, फोडी नातवाच्या ताटात टाकत होत्या. मग फोडी आधी, रस्सा नंतर असा कायदा केला. सकाळी नाचणीची आंबील दुधातली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं डॉक्टरांना विचारूनच.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे पोट साफ न होणं. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आतडी सुस्तावतात. आमचे पाच दिवस गेले, आत्यांनी जेवण सोडलं आणि आम्ही समजलो तोंडाला चव नाही. पहिल्या दिवसापासून पाणी, पपई, भाज्या, रात्री इसबगोल. तिसऱ्या दिवशीही झालं नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत, तेवढं लक्ष ठेवा. दिवसा प्यायला द्या, सातनंतर कमी.

थांबायचं नाही अशा खुणा

पाय थोडा सुजतो, विशेषतः संध्याकाळी, ते चालतं. पण एकाच पोटरीत दुखणं, कडकपणा, गरमपणा आला तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त आलं तर १०८, एक मिनिटही थांबू नका. जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टर. मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिक नको. कट्कन आवाज होऊन पाय आखूड झाला, वळला, टेकवेना, तर सांधा निखळलाय. तिथंच आडवं ठेवा, वळवून बसवायला जाऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना काळी शौच झाली, हिरड्यांतून रक्त आलं, डोक्याला मार लागला तरी लगेच कळवा. त्या काळात मनानं दुसरी वेदनाशामक गोळी देऊ नका.

भेटायला येणारे

कोल्हापुरात माणूस आजारी पडलं की गल्ली घरात येते. चांगलंच आहे. पण पहिल्या रविवारी चौतीस जण आले आणि प्रत्येकाला आत्यांनी पडल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. रात्री अंगात कणकण. मग दारावर पाटी लावली: भेट संध्याकाळी ५ ते ६. सर्दी असलेल्यांनी खिडकीतून बोलावं. "काय आणू?" विचारणाऱ्याला खरं सांगा. केळी आणि बिस्किटांनी घर भरलं होतं. समोरच्या काकींना म्हटलं, मंगळवारी भाजी-भाकरी तुमची. त्यांनी दोन महिने पाठवली.

सहा आठवड्यांनंतर

सहा आठवड्यांच्या आसपास एक्स-रे होतो आणि बरेच जण वॉकरवरून काठीवर येतात. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा, तर काठी डाव्या हातात. सगळे उलटं धरतात. पहिलं फिरणं सपाट जागी. आम्ही सकाळी रंकाळ्यावर नेलं, पण बसायला घडीची उंच खुर्ची गाडीत टाकून, कारण तिथले कट्टे आत्यांच्या मापाचे नाहीत. दुचाकीवर एका बाजूला पाय टाकून मागं बसणं तीन महिने नको, आणि नंतरही डॉक्टरांना विचारून.

बायपोलर किंवा टोटल हिपवाल्यांना मांडी घालून, उकिडवं बसणं बहुतेक सर्जन कायमचं टाळायला सांगतात. घटस्थापनेला आत्या हटून बसल्या, "मी बसतो की खाली, काय हुतंय!" घट टेबलावर बसवले. दोन दिवस अबोला.

डिस्चार्ज कार्डावर नसलेली एक गोष्ट तुम्ही स्वतः विचारा: हाड मोडलंच कशानं? उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडतो तेव्हा हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. आमच्याकडं कुणी तो विषय काढलाच नव्हता. डेक्सा स्कॅन (हाडं किती ठिसूळ झालीत ते बघायची तपासणी), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि गरज असेल तर हाडं घट्ट करायचं औषध, आठवड्याची गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन. दुसरा खुबा वाचवायचा आहे. मोतीबिंदू तपासा, बीपीच्या गोळीनं उठल्यावर चक्कर येते का बघा. आत्यांना येत होती, पहाटे घाईनं उठल्या की. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. न्हाणीत दोन ठिकाणी स्टीलच्या धरायच्या दांड्या बसवल्या, भिंतीत पक्क्या, टॉवेलच्या नव्हेत. कुठेही दात काढायचा किंवा ऑपरेशन करायचं झालं तर खुब्यात कृत्रिम सांधा आहे हे आधी सांगायचं.

कार्तिकात वॉकर कोपऱ्यात उभा राहिला. परवा मागच्या बोळातल्या मास्तरांचं नेलचं ऑपरेशन झालं, त्यांचा मुलगा वॉकर न्यायला आला. आत्यांनी त्याला थांबवलं, मला टेप आणायला सांगितली. मास्तर आत्यांपेक्षा वीतभर उंच आहेत. "बटणं दाबून चारी पाय सारखे वाढव," त्या म्हणाल्या, "आणि टोप्या नव्या घाल, ह्या झिजल्यात."